खालच्या मजल्यावर जाणारी वाटी

४ मार्च
भाजी पुन्हा अळणी. सलग नववा दिवस. हिने त्याच भाजीची वाटी खालच्या कंपाउंडरला नेऊन दिली, तर तो मला वर ऐकू येईल अशा आवाजात म्हणाला, वा वहिनी, काय चव आहे. म्हणजे घरातलं मीठ कुठे जातं ते कळलं. संशय घेणं माझ्या स्वभावात नाही. फक्त लक्ष ठेवणार.

६ मार्च, दुपारी
वाट्या गुपचूप बदलल्या. त्याची खाल्ली. तीही अळणी. हिला सुगावा लागलेला दिसतो.

९ मार्च
नडगीवरची जखम दोन महिने भरत नाही म्हणून मुलीने दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी खोदून खोदून विचारलं. मग म्हणाल्या, जखम न भरणं, चव जाणं, भूक मरणं, केस गळणं, झिंक कमी पडल्याने असू शकतं, रक्त तपासू. मी सांगितलं, एकतीस वर्षं कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये सहाशे माणसांचं मीठ या जिभेने ठरवलंय. त्या लिहीत राहिल्या. वयाने लहान आहेत.

१२ मार्च
ठरलं. रविवारी मी रांधणार. कंपाउंडरलाही बोलावणार. चव कशाला म्हणतात ते हिला त्याच्यादेखत कळू दे.

१५ मार्च, रविवार
चाखत चाखत मीठ घातलं. चव यायला वेळ लागला. जावई चार ग्लास पाणी प्यायले. मुलगी म्हणाली, बाबा, समुद्र आटवलात की काय. हिने ताट सरकवलं. कंपाउंडरने मात्र ताट पुसून खाल्लं, वर मागून घेतलं. माणूस नालायक, पण जीभ खरी.

१८ मार्च
रिपोर्ट आला. झिंक कमीच. गोळ्या आणायला गेलो तर दुकानात कंपाउंडर त्याच गोळ्या घेत उभा. म्हणाला, भाऊ, वर्ष झालं, मला कशाची चवच लागत नाही.
एवढा आनंद झाला की जिना न थांबता चढलो. हिला सांगितलं, तुझा तो कंपाउंडर शुद्ध ढोंगी आहे. ही कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, माहीत आहे, पहिल्याच दिवशी सांगितलं त्यांनी. तरी छान म्हणतात. तुम्हाला चव लागत होती तेव्हा तुम्ही कधी म्हणालात?

त्याच दिवशी, संध्याकाळी
आठवून पाहिलं. एकदा तरी म्हणालोच असणार.

१९ मार्च
आजपासून रोज म्हणायचं. जेवायला बसल्या बसल्या म्हणालो, छान झालंय.
ही म्हणाली, अजून वाढलेलं नाही.