विहीणबाईंचं नाव

पुणे, ४ जानेवारी २०२५

चि. परीक्षित यास ताईचे अनेक आशीर्वाद.

व्हिडिओ कॉलचा निम्मा वेळ 'आवाज येतोय का' विचारण्यात जातो, म्हणून हे पत्र. नेओमीला आठवा लागला. तिचे डोहाळे पुरवतोस, की ऑफिसच्या मीटिंगा पुढे करतोस? डिंकाचे लाडू पाठवले आहेत. ते बाळंतिणीसाठी आहेत, तुझ्यासाठी नाहीत.

आता मुद्द्याचं. मुलगी आहे हे तुमच्या हॉस्पिटलनेच सांगितलंय, तर नावाचं काय? बारशाला नाव आत्या ठेवते, हे तुला शिकवायला नको. मी लग्न केलं नाही, मूलबाळ नाही आणि त्याबद्दल तक्रारही नाही. पण हा मान मला जन्मात एकदाच मिळणार आहे आणि तो मी सोडणार नाही. इंटरनेटवर नाव शोधून मला नुसतं कळवलंस, तर मी येणार नाही आणि लाडूही परत मागवीन.

नेओमीस आशीर्वाद, तिच्या आईस नमस्कार. लोभ आहे हे मला माहीत आहे, तरी उत्तर पाठव.

तुझी,
मनीषाताई

*

रीडिंग, २५ जानेवारी २०२५

ती. ताईस परीक्षितचा सा. न. वि. वि.

लाडू पोचले. चार कमी भरले तर पोस्टाला दोष देऊ नकोस.

नावावरून आमची पाच महिने जुंपली आहे. नेओमीच्या ज्यू धर्मात मूल आईचं, म्हणून नाव हिब्रू, इथवर एकमत आहे. पण तिला नेहमीचं नको, कारण तिच्या वर्गात चार रेचल होत्या. मला अवघड नको, कारण ऑफिसात माझा पॅरी झालाय आणि फोनवर नाव सांगताना मी दहा वर्षं एकेक अक्षर सुटं करून सांगतोय. शेवटी नेओमीच म्हणाली, की ताईंनाच ठेवू दे, भांडण तरी मिटेल. तेव्हा मान तुझाच.

अटी दोन. नाव हिब्रू हवं, आणि त्यांच्या रीतीप्रमाणे घरातल्या वडीलधाऱ्यांपैकी कुणाचं तरी हवं. शिवाय जाहीर होईपर्यंत ते कुणाला सांगत नाहीत, तेव्हा आम्हालाही सांगू नकोस. बाळ जन्मायच्या आधी तिची आई घरात झबलंसुद्धा येऊ देत नाही. तू शिवलेली आठही झबली सध्या गाडीच्या डिकीत आहेत.

तुझा लोभ असाच राहो, रागही परवडेल.

परीक्षित

*

पुणे, १६ फेब्रुवारी २०२५

चि. परीक्षित यास अनेक आशीर्वाद.

नाव मिळालं. कुठून काढलं ते विचारू नकोस. उच्चार पक्का करायला मी कॅम्पातल्या लाल देवळात, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात गेले. तिथे नागावकर म्हणून गृहस्थ भेटले. मूळचे अलिबागकडचे ज्यू, मराठी आपल्यासारखंच, किंबहुना तुझ्यापेक्षा बरं. त्यांनी तीन रविवार माझ्याकडून ते नाव घोटून घेतलं. चहाही पाजला.

इंग्रजांना हे जमेल का, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, इंग्रजांच्या जिभेकडे बघून नाव ठेवायचं तर जगात चारच नावं उरतील. मला पटलं.

व्हिसा आला. बाळ सव्वा महिन्याचं झालं की येतेच. झबली डिकीत ठेवलीस त्याबद्दल समोर आल्यावर बोलू.

ताई

*

पुणे, २० एप्रिल २०२५

चि. परीक्षित यास आशीर्वाद.

विमानात झोप लागली नाही, घरी येऊनही लागत नाही. तुमच्या दिवाणखान्यात लग्नाचा तो हिब्रू लिपीतला रंगीत करार टांगलाय ना, त्याच्या फोटोवरून मी नेओमीच्या आईचं, म्हणजे जूडीताईंचं, खरं नाव नागावकरांकडून वाचून घेतलं. योखेवेद. वाटलं, विहीणबाईंचा केवढा मान होईल. पाळण्यात वाकून बाळाच्या कानात कुर्र केलं, नाव मोठ्याने सांगितलं, बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घातले, आणि बघते तर जूडीताई पांढऱ्याफटक. खुर्चीत बसल्या आणि तीनदा थू थू थू केलं. मला वाटलं नातीची दृष्ट काढतायत, म्हणून मीही त्यांच्याबरोबर थू थू केलं.

मग तू मला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलंस, की वडीलधारी म्हणजे गेलेली. हयात माणसाचं नाव बाळाला दिलं, तर न्यायला येणारा दूत घोटाळा करतो. तो एक शब्द पत्रात लिहायला तुझी शाई संपली होती का? नागावकरांनाही जाब विचारला. ते म्हणाले, त्यांच्या घरी आजीचं नाव नातीला देणं हाच मान, जूडीताईंसारख्या पोलंडकडच्या ज्यूंचं निराळं असतं. हे त्यांनी आधी सांगितलं नाही, कारण मी आधी विचारलं नाही.

गेल्या वर्षीच त्या बाईंच्या हृदयाचं ऑपरेशन झालंय. मी मान घ्यायला आले आणि त्यांच्या जिवावर उठले. मला फार वाईट वाटतंय. नाव बदला, माझं काही म्हणणं नाही.

तुझी,
ताई

*

रीडिंग, ६ मे २०२५

ती. ताईस सा. न. वि. वि.

चूक माझी आहे, आणि नेओमी ती मला दिवसातून दोनदा सांगते.

नाव बदलायचं आम्ही ठरवलं होतं. ते सांगायला जूडींकडे वॉटफर्डला गेलो, तर त्या रडायलाच लागल्या. म्हणाल्या, शाळेत पहिल्याच दिवशी बाईंनी हजेरी घेताना त्यांच्या नावाची इतकी मोडतोड केली, की वर्ग हसला. त्या संध्याकाळी त्या स्वतःहून जूडी झाल्या. योखेवेद त्यांना फक्त त्यांची आई म्हणायची. असलं नाव पुढे कोण ठेवणार, ते आपल्याबरोबरच जाणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. कुणीतरी पुण्याहून येऊन ते पाळण्यात मोठ्याने म्हणेल, असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्यांना भीतीही वाटते आणि ते नाव सोडवतही नाही.

मग त्यांच्या धर्मगुरूंना, रब्बींना विचारलं. त्यांनी जुनी तोड काढली. आजाऱ्याला एक जास्तीचं नाव देतात, म्हणजे दूत जुनं नाव शोधत फिरतो. जूडी म्हणाल्या, पहिलं नाव ताईंनी घेतलं, तर दुसरंही त्यांनीच द्यावं. तेव्हा ताई, बाळ योखेवेदच राहील, आणि तुझं काम अजून संपलेलं नाही.

परीक्षित

*

पुणे, २४ मे २०२५

चि. परीक्षित यास आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि मग पोटभर जेवले.

विहीणबाईंचं नाव संजीवनी. अर्थ नीट समजावून सांग. पाळण्यात मावणार नाहीत, तेव्हा शेजारी खुर्ची मांडा. माझ्या वतीने नेओमीने कानात कुर्र करावं. पुढ्यात घुगऱ्या ठेवा, आणि धपाटे तू खा.

त्या माझ्याहून आठ वर्षांनी मोठ्या आहेत, तरी या पत्रापुरते त्यांनाही माझे आशीर्वाद.

ताई

*

रीडिंग, १५ जून २०२५

ती. ताईस सा. न. वि. वि.

बारसं पार पडलं. धपाटे मी खाल्ले. संजीवनीबाईंना स्वतःचं नवं नाव अजून धड म्हणता येत नाही. त्या संजू म्हणवून घेतात.

परवा बाळाचं वजन करायला हेल्थ व्हिजिटर आली होती. तिने कागद पाहिला, नाव कसंबसं उच्चारलं आणि नेहमीप्रमाणे पुढे निघाली. मीही सवयीने गप्प बसलो. पण जी बाई स्वतःच्या नावासाठी साठ वर्षं कुणाला एक शब्द बोलली नाही, ती खुर्चीतून उठली, तिच्या हातातला कागद बाजूला ठेवला आणि नीट येईपर्यंत तिला ते म्हणायला लावलं. पाच वेळा. पाचव्यांदा बरोबर आलं, तेव्हा त्या मुलीने विचारलं, की इतकं वेगळं नाव कुणी निवडलं. सासूबाई म्हणाल्या, हिच्या आत्याने. आणि मग तिच्याकडून 'आत्या'ही म्हणवून घेतलं.

तुझाच,
परीक्षित