ग्राहक संघ आणि इर्माचा सिलिंडर

सोमवार, ४ मार्च. सकाळी ६.
सिलिंडर गळतो आहे. इर्मानं व्हॉल्व्हला साबणाचं पाणी लावून दाखवलं, बुडबुडे आले. परवाच मिस्टर बेडोंच्या दुकानातून आणलेला. शनिवारी आमची शेरिल तीन आठवड्यांचं बाळ घेऊन माहेरी येते आहे. इर्मा म्हणाली, तोवर बदलून आण, नाहीतर येऊ नको म्हणून लेकीला मीच कळवते. आजच बदलतो.

तोच दिवस, दुपारी.
गेलो होतो. दुकानात गर्दी. शिवाय मिस्टर बेडो शेरिलचे धर्मबाप आणि आमच्या चर्चचे वॉर्डन, म्हणजे कारभारी. चारचौघांत सिलिंडरचा विषय काढणं बरं दिसलं नाही. सार्डिनचा डबा घेऊन परतलो.
वाटेत मात्र मोठी गोष्ट सुचली. आमच्या ग्रेनाडासारख्या चिमुकल्या देशात, जिथं किनाऱ्याच्या या बाजूला गॅस एकाच दुकानात मिळतो, तिथं एकट्याची तक्रार म्हणजे भांडण. दहाजणांची तक्रार म्हणजे संघ. ग्राहक संघ काढायचा! प्रार्थना केली. मन शांत झालं. वास तसाच आहे.

मंगळवार, ५ मार्च.
सिलिंडर मागच्या दारी झाडाखाली ठेवला. इर्मा कोळशाच्या शेगडीवर रांधते. मी संघाचे सतरा नियम लिहिले. शेजारची मिस डोरीन कुंपणावरून म्हणाली, आमचाही गळतो, पण बेडो माझे मामा पडले ना! पलीकडच्या जोसेफचाही गळतो. तो बेडोंच्या ट्रकवर ड्रायव्हर. दोघंही सभासद व्हायला तयार आहेत. फक्त नाव खाली कुठेतरी, वाचता येणार नाही असं घाला म्हणाले.

बुधवार, ६ मार्च.
सरकारी कचेरीतून तक्रारीचा फॉर्म आणला. त्यावर गावातल्या जस्टिस ऑफ द पीसची, म्हणजे सरकारनं नेमलेल्या मानद दंडाधिकाऱ्याची, सही लागते. आमच्या गावात ते मिस्टर बेडोच. गेलो. त्यांनी चष्मा लावून फॉर्म पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. माझ्या मानेवरून घाम ओघळत होता. मग हसले. म्हणाले, क्लेमंट, काय सुंदर अक्षर रे तुझं! माझा माल गळत नाही, तुझं नाकच हळवं. सही केली, शिक्का मारला, फॉर्म मीच पाठवतो म्हणून खणात ठेवला, आणि दुकानाचं नाव छापलेलं पेन मला भेट दिलं. माणूस मोठा आहे. फॉर्म सुरक्षित हातांत आहे.

गुरुवार, ७ मार्च.
उद्या पाच वाजता चर्चच्या हॉलमध्ये पहिली सभा. हॉलची किल्ली वॉर्डनकडे, त्यामुळे अध्यक्षपद त्यांनाच द्यावं लागलं. एका अर्थी बरंच झालं, ते आता आपल्या बाजूचे. इर्मा कोळसे फुंकत होती. म्हणाली, वा! उंदरांनी सभा भरवली आणि बोकोबाला खुर्ची दिली. तिचे डोळे लाल होते. धुरानंच असावेत.

शुक्रवार, ८ मार्च. संध्याकाळी ७.
सभेला नऊजण आले. पहिला ठराव, हॉल आणि सरबताबद्दल अध्यक्षांचे आभार. मीच मांडला. दुसरा वाचणार तोच इर्मा ढकलगाडीवरून सिलिंडर घेऊन आत आली. उचलून अध्यक्षांच्या टेबलावर ठेवला. नॉब बंद होता, तरी फुस्स आवाज शेवटच्या बाकापर्यंत येत होता. तिनं एप्रनमधून काडेपेटी काढली. म्हणाली, मिस्टर बेडो, तुमचा माल गळत नाही ना? मग ओढते काडी. उद्या तुमची धर्मकन्या तान्हं घेऊन याच सिलिंडरशेजारी बसायची आहे.
मी प्रभूचं नाव घेतलं. मोठ्यानं घेतलं असं वाटतं.
मिस्टर बेडो उठले, सरबत सांडलं. बाई, ती पेटी आधी खाली ठेव, म्हणाले, दुकान उघडतो. मिस डोरीन ओरडली, मामा, थांबा, माझाही आणते! जोसेफ तर तिच्या आधी पळाला.

शनिवार, ९ मार्च.
शेरिल आली. बाळ निजलं आहे. नव्या सिलिंडरवर खारा मासा नारळाच्या दुधात शिजतो आहे. व्हॉल्व्हला एक बुडबुडा नाही. संघाला पहिल्याच सभेत यश आलं, असं म्हणायला हरकत नाही. सभा मीच बोलावली होती. अध्यक्ष आता इर्मा आहे. सकाळपासून सभासदांची वही फिरली. एकतीस सह्या झाल्या. डोरीनची आणि जोसेफची सगळ्यांत वर, ठळक अक्षरांत.
वही आता माझ्यापुढे आहे. सही करणारच आहे. पण घरात लिहितं पेन हे एकच, आणि त्यावर दुकानाचं नाव आहे. त्या पेनानं सही करणं बरं दिसणार नाही. सोमवारी दुसरं आणतो.