खांद्यावरची दोन बोटं

४ जून

चि. भाऊस,

अनेक आशीर्वाद. फोनवर चिमणीचा विषय काढला की तुला नेमकं कुणीतरी ट्रॅकवर हाका मारतं, म्हणून हे पत्र. आता टाळून दाखव.

तुझी भाची म्हणते, पुढच्या महिन्यापासून ती रेसच्या ट्रॅकवर एकटीच गाडी पळवणार, आणि परवानगीच्या कागदावर तू सही करणार. तू तिच्या शेजारी बसत होतास तोवर मी निर्धास्त होते. आता माझं शिवणात लक्ष लागत नाही. काल एका शर्टाची कॉलर उलटी लावली.

मला सायकल शिकवताना तू मागून कॅरियर धरलंय म्हणत राहिलास आणि केव्हाच सोडून दिलं होतंस. माझी हनुवटी अजून साक्ष देते. म्हणून एकच विचारते. पोरीला खरंच गाडी येते, की तू शेजारी असलास की येते? ते बघ, आणि मग सही कर.

माया आहेच, उत्तरही लवकर येऊ दे.

तुझी,
ताई

११ जून

ती. ताईस,

शि. सा. न. हनुवटीचं प्रकरण तू मी म्हातारा झालो तरी उकरून काढणार, हे मी धरून चाललोय.

बावीस वर्षं मी लोकांच्या शेजारी बसून त्यांना शिकवतोय, पण अशी विद्यार्थिनी पाहिली नाही. इंजिनाच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, त्यामुळे सरळ रस्ता संपून वळण आलं की मी तिच्या खांद्यावर दोन बोटं टेकवतो. म्हणजे ब्रेक. बाकीचे घाबरतात, नाहीतर हुज्जत घालतात. चिमणीचा पाय बोटं टेकताक्षणी ब्रेकवर असतो. अकरा महिन्यांत एकदाही चुकली नाही. सही मी कालच केली, रागावू नकोस.

कॉलर सरळ लाव आणि लोभ उलटा होऊ देऊ नकोस.

तुझा,
भाऊ

२ जुलै

ती. मामास,

शि. सा. न. वि. वि. काल पहिल्यांदा एकटी गेले. तुझ्या रिकाम्या सीटचा पट्टा उगाचच लावून ठेवला होता.

दोन फेऱ्या हळू मारल्या. तिसरीत वेग घेतला, वळण समोर आलं, आणि मामा, मी वाट बघत राहिले. तुझ्या बोटांची. वळण दिसत होतं, पण पाय उठेना. गाडी सरळ वळणापलीकडच्या खडीत घुसली आणि टायरांच्या भिंतीच्या चार हात अलीकडे थांबली. मला खरचटलंही नाही.

वळणाआधी अंतराच्या तीन पाट्या आहेत ना, त्यातल्या कुठल्या पाटीला आपण ब्रेक लावायचो? मी कधी पाहिलंच नाही रे. मला भीती वाटते. एक दिवस येऊन शेजारी बस, पण बोटं टेकवू नकोस. आईला यातलं काही सांगितलेलं नाही.

येशील ना? वाट बघते.

तुझी,
चिमणी

८ जुलै

चि. चिमणीस,

अ. उ. आ. पहिल्या दिवशी खडीत कोण जात नाही? मीही गेलो होतो. दुसरी पाटी दिसली की ब्रेक, बस्स. इकडे या दुसऱ्या ट्रॅकवर शिकणाऱ्यांची नवी तुकडी आलीय, महिनाअखेरपर्यंत मला हलता येणार नाही. तोवर सराव सोडू नकोस, एकदा भीती बसली की ती घर करते. पाय आपोआप जाईल, मी तुला ओळखतो.

ताईला कळवू नकोस, राईचा पर्वत करेल.

आपल्या चिमणीचा अभिमान बाळगणारा,
मामा

३० जुलै

चि. भाऊस,

आशीर्वाद. हात धजत नाही, पण सवयीने लिहिला गेला.

ट्रॅकवरच्या लोकांनी तुला कळवलं, तू फोनवर रडलास, आणि अजून आला नाहीस. म्हणून पुन्हा पत्रच. चिमणीची बॅग आवरताना हातमोज्यांखाली तुझं आठ तारखेचं पत्र सापडलं. ‘ताईला कळवू नकोस’ ही ओळही वाचली. मी तुला एकच गोष्ट विचारली होती, भाऊ. तिनेही तीच विचारली.

दुसरी पाटी तिने पाहिली होती. स्वतः सांगते. पाहिली, हीच ती पाटी हे कळलं, आणि तरीही ती तुझ्या बोटांची वाट बघत राहिली. तिथे उभा असलेला माणूस म्हणाला की भिंतीपर्यंत गाडीचा मागचा, ब्रेकचा लाल दिवा लागलाच नाही.

ती तुझ्यावर रागावलेली नाही. मामा कधी येणार, म्हणून रोज विचारते. मी रागावले आहे आणि राहणार आहे. तरी तू ये.

डॉक्टर रोज सकाळी तिच्या पायांपासून वर वर दोन बोटं टेकवत येतात आणि कळतंय का विचारतात. ती नाही म्हणत राहते. खांद्यावर आले की हो म्हणते. तेव्हा मी तिच्या उजव्या पायाकडे बघते. तो हलत नाही.

ताई