तिच्या वाटचं सँडविच

१२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी लेक माझ्याकडे राहायला आल्यापासून आमचा रविवार घरात जात नाही. तिच्या नकाशांच्या ऑफिसात कुणीतरी तिला इटालियन सँडविच चाखवलं; तेव्हापासून तिला तसंच हवंय. अख्खं शहर पालथं घातलं. कुठे पाव कापसासारखा, कुठे सलामीचे, म्हणजे त्या मुरवलेल्या मांसाचे, काप चपलेच्या तळाइतके जाड.

काल सापडलं एकदाचं. छापखान्यामागच्या गल्लीत एक म्हातारा सलामी इतकी पातळ कापतो की पलीकडचं दिसावं. बाहेरून कडक पाव, आत चीज, मुरवलेल्या मिरच्या. दोघींनी फुटपाथवर उभ्यानेच खाल्लं. कोपरापर्यंत तेल ओघळलं. खाता खाता तिने ऑफिसातल्या त्या मुलाचं सगळं सांगितलं. तुला माहीत असेलच.

लोभ आहेच, तो वाढू दे.
तुझी धाकटी

१९ जानेवारी

प्रिय धाकटीस,
अ. उ. आ.

मला काहीही माहीत नव्हतं. कोणता मुलगा? तिची मला येतात त्या पत्रांत हवापाणी आणि खोकला. तुझं पत्र वाचून मशीनवर बसले आणि शाळेच्या गणवेशाला बाही उलटी जोडली.

तुझं बरंय. वेण्या घातल्या मी, गोवर काढला मी, आणि मनातलं ऐकायला तू. तुला आयती मैत्रीण मिळाली. त्या म्हाताऱ्याच्या सुरीचं कौतुक मला सांगू नकोस. पुढच्या शनिवारी मी येतेय. रविवारी तिला घेऊन मीच जाईन. तू घरी थांब.

आशीर्वाद आहेत, पण सध्या हात आखडता आहे.
ताई

२३ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तिने तुला सांगितलं असेल असं मी धरून चालले, तिथेच चुकले. पण एक ऐक. ती मला सांगते, कारण माझ्या हो-नाहीने तिचं काही अडत नाही. तू नाही म्हणालीस तर ती मोडेल, म्हणून तुझ्यापुढे जीभ रेटत नाही. परवा ताप आला तेव्हा पट्ट्या मी ठेवत होते आणि ती हाका तुला मारत होती. तेव्हा मला काय वाटलं असेल?

ये. मी घरी थांबते. मन तिथे असेल, त्याला माझा इलाज नाही.

राग ओसरला की माया पाठव.
धाकटी

२ फेब्रुवारी

प्रिय धाकटीस,
अ. उ. आ.

सुखरूप पोचले. घाईत तुला नीट सांगितलंच नाही, म्हणून लिहिते.

दुकानात मी काही विचारायचं नाही असं ठरवून गेले होते. तिने माझ्या पावातल्या मिरच्या न सांगता काढल्या. माझी जळजळ तिच्या लक्षात आहे. अर्धं सँडविच संपवलं. मग पावाकडेच बघत म्हणाली की तो साधा आहे, बोलतो कमी, आणि आई, तू चिडशील का. मी म्हटलं, घेऊन ये, बघू तरी. तिने माझा खांदा तेलकट केला.

आणि लगेच म्हाताऱ्याच्या फोनकडे धावली, तुला सांगायला. मी तिची पर्स धरून उभी. मला पुन्हा लागलं, खरं सांगते. तू तिकडे रडलीस म्हणे. मी रडले नाही. तिचं उरलेलं सँडविच खाऊन टाकलं, मिरच्यांसकट.

तुझ्यावर माया आहे, नाइलाजाने.
ताई