पानथरीतले दोन ठिपके

कोकिळा,

तू मंदिरातून येशील तोवर शेजारचा भागवत मला अकोल्याच्या दवाखान्यात घेऊन गेलेला असेल. सत्काराला जातोय, ही मी मारलेली थाप होती. रिटायर विनोदी लेखकाचा सत्कार कोण करतं? पोटात डावीकडे बरगड्यांखाली असते त्या पानथरीत दोन ठिपके दिसले आहेत. डॉक्टर सोनोग्राफीत पाहत पाहत सुईनं नमुना काढणार, मग कळेल कशाचे ते.

रक्त पातळ करायची गोळी त्यांनीच बंद केली. म्हणून पाच दिवस तू दिलेली गोळी मी गालात धरून मोगऱ्याच्या कुंडीत थुंकत होतो. मोगऱ्याची तब्येत बघ.

"मले काऊन नाई सांगतलं?" म्हणशील. तुझं तोंड पाहून मले भेव वाटलं असतं.

सुईनंतर संध्याकाळपर्यंत उताणं पडायचं आहे, आत रक्त सुटतं का ते पाहतात. यावंसं वाटलं तर ये. नाही वाटलं तरी ये.

नारायण