चार माणसांची चौकट

१ फेब्रुवारी

आलो एकदाचे. खोकी तशीच पडलीत, गॅस जोडायचाय, धाकट्याचा एक बूट हरवलाय, पण घर मला आवडलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे एक चिंचोळी गॅलरी. खाली औषधांचं दुकान आहे, त्यामुळे जिन्यात कायम सर्दीच्या मलमाचा वास. हा, नवरा माझा, म्हणाला की आता आजारी पडायलाही चप्पल घालावी लागणार नाही.

किल्ल्या द्यायला मालकीणबाई स्वतः आल्या. वाळलेल्या, ताठ, आणि बोलताना समोरच्याच्या मागे अजून कुणी उभं आहे का ते बघणाऱ्या. करारात राहणाऱ्यांचा आकडा भरायचा होता. ह्याने ऐटीत सांगितलं की चार, अगदी चौकोनी कुटुंब, दुकान बंद झालंय, पाचवं काही येत नाही, हवं तर लिहून घ्या. मी त्याला कोपराने ढोसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी खरंच लिहून घेतलं आणि म्हणाल्या की ह्या घरात चार माणसंच नीट राहतात. पाण्याच्या टाकीबद्दल बोलत असाव्यात.

आज पहिली तारीख, म्हणजे मापाचा दिवस. खोकी राहू देत, माप चुकवायचं नाही हा आमचा नियम. मी युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंगला आहे. दिवसभर लोकांच्या पोरांची मापं कापायची आणि घरच्यांची घ्यायची नाहीत, असं कसं? पोरांनी चौकटीला टाच टेकवून उभं राहायचं, ही जाड पुठ्ठ्याची वही डोक्यावर सपाट धरायची, तिच्याखाली निळ्या खडूने रेघ, शेजारी तारीख. आतल्या खोलीची चौकट नुकतीच पांढरी रंगवलीय, रेघा छान उठल्या. काठी, म्हणजे थोरली, आठ वर्षांची, नावाप्रमाणेच, एक्कावन्न इंच. भोपळा, धाकटा, पाच वर्षांचा, तोही नावाप्रमाणेच, त्रेचाळीस.

काठी माझ्या मागे लागली होती की तुझंही घेऊ. मी सांगितलं की मोठी माणसं उंच होत नाहीत, नुसती रुंद होतात.

९ फेब्रुवारी

पाळणा नणंदेकडे पोचवला. सोबत झबली, खुळखुळा, दुपटी, सगळं. भोपळ्याच्या वेळेसच माझं ऑपरेशन झालंय, मग पाच वर्षं हे कशाला सांभाळत होते कोण जाणे. परत येताना हात इतके मोकळे वाटले की दोनदा वाटलं, काहीतरी विसरले.

औषधवाला गप्पिष्ट आहे. आमच्या आधी एक गृहस्थ राहायचे म्हणे, एकटा बाप आणि तीन पोरं, काय निगुतीने सांभाळायचा. मी विचारलं, बायको? तो विचारात पडला. रोज जिन्यातून जाणारं माणूस, पण चेहराच आठवेना त्याला. शेवटी म्हणाला की असणारच हो ताई, पोरं काय वरून पडली?

१ मार्च

काठी सव्वाएक्कावन्न. भोपळा आहे तिथेच, पोटात मात्र वाढलाय. माझी तारीख दोन दिवस उलटून गेली. घर बदलायची दगदग, दुसरं काय.

१४ मार्च

तपासणीची पट्टी दोन गल्ल्या सोडून घेतली, खालच्याला कळलं असतं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला कळलं असतं. दोन रेघा. मी रेघांच्या धंद्यातली बाई, तरी पाच मिनिटं त्या मोजत बसले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या की ऑपरेशननंतरही राहतं कधीकधी, हजारात एखाद-दुसरीला. बाकीच्या नऊशे नव्व्याण्णव आत्ता काय करत असतील, असं मला विचारावंसं वाटलं. हा बातमी ऐकून आधी हसला. मग म्हणाला की करारात चार लिहिलंय ना आपण. ह्यावर दोघंही हसलो नाही.

२३ मार्च

ठरवलं होतं आम्ही. नीट, बसून, भांडण न करता. जागा नाही, उसंत नाही, मला नुकतंच स्वतःचं कटिंगचं टेबल मिळालंय. गुरुवारची तारीख घेतली. गेले. बाकावर बसले. माझा नंबर पुकारला आणि मी उठून सरळ जिना उतरले. का, ते लिहिता येत नाही. नको होतं हे खरं, आणि नको म्हणवलं नाही हेही खरं.

हा रविवारी जाऊन पाळणा परत घेऊन आला. नणंदेने विचारलं म्हणे की दादा, दुकान बंद ना?

१ एप्रिल

पोरांना सांगितलं. भोपळ्याने फक्त ते कुठे झोपणार हे विचारून घेतलं. काठी मात्र नाचली. मापं झाल्यावर ती उकिडवी बसली आणि चौकटीच्या अगदी तळाला, जमिनीलगत, एक रेघ मारून लिहिलं: बाळ. म्हणाली की त्यालाही जागा राखून ठेवूया.

काठी सव्वाएक्कावन्न. महिनाभर तसूभर नाही.

१ मे

काठी सव्वापन्नास.

तीनदा घेतलं माप. टाचा बघितल्या, पाठ ताठ करायला लावली, ओरडलेसुद्धा. एक इंच कमी. आणि बाळाच्या रेघेवर बोटभर अंतराने दुसरी रेघ. तू काढलीस का, विचारलं तर काठीने गळ्याची शप्पथ घेतली आणि रडायला लागली.

दुपारी सैल कुर्ता बेतायला माझंच माप घेतलं. पोट एकतीसचं बत्तीस झालंय. हे तर होणारच.

१ जून

काठी सव्वाअठ्ठेचाळीस. दोन इंच कमी.

मी चौतीस. दोन इंच जास्त.

शाळेचा नवा स्कर्ट मी नेहमीप्रमाणे वाढ धरून शिवला होता, आत दोन इंच दुमड. तो तिला पोटरीपर्यंत येतो. कारखान्यात मास्तरांना दाखवला. ते म्हणाले की बाई, कापड वाढत नसतं, तुमची टेप ताणलीय, बदला. बदलली. नवी टेपही तेच सांगते.

पोरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तक्ता बघितला आणि म्हणाले की उत्तम आहे, सहा वर्षांच्या मुलीला ही उंची बरोबरच. मी सांगितलं की आठ. त्यांनी कागद बघितला, तिथे आठच होतं. माझ्यादेखत खोडून सहा केलं, चूक सुधारावी तसं.

२८ जून

आठ दिवस बहिणीकडे राहून आलो. ह्याला सांगितलं, माहेरपणाची हौस. खरं म्हणजे चौकटीपासून लांब पळाले होते. तिथे चौकट नव्हती, खडू नव्हता, मी फक्त टेप नेली होती. काही फरक नाही. शेवटच्या दिवशी जेवताना बहिणीने सहज विचारलं की ह्या दोघांत मोठं कोण गं? तिने काठीला जन्मल्यापासून अंगाखांद्यावर खेळवलंय.

तिच्याकडे राहायलाच येऊ का, असं विचारायचं होतं. नाही विचारलं. उपयोग नाही.

१ ऑगस्ट

काठी सव्वात्रेचाळीस. मी एकोणचाळीस. दोन्हींची बेरीज दर महिन्याला तीच येते, सव्वाब्याऐंशी. जे माझ्यात भरतंय ते तिच्यातून कापलं जातंय. मी कापणारी बाई आहे, मला हे कळायला इतका वेळ लागायला नको होता.

भोपळा तिच्यापेक्षा पाव इंचाने उंच झाला. आता तो तिला ए बारकी म्हणून हाक मारतो. तिने आज बुटाची नाडी बांधायला माझ्यापुढे पाय केला. नाडी तिला चार वर्षांपासून बांधता येते.

सकाळी हा फोनवर कुणाला तरी सांगत होता की एक मुलगा आहे, दुसरं नोव्हेंबरात. मी हातातला डबा टाकला. काठी समोरच उभी होती. त्याने तिच्याकडे बघितलं, लग्नात भेटलेल्या माणसाचं नाव आठवत नसलं की बघतो ना आपण, तसं. मग म्हणाला, अगं हो, ही पण.

ही पण.

मालकीणबाई भाडं घ्यायला आल्या होत्या, खाली जाऊन गाठलं. करार बदला म्हटलं, पाच लिहा. त्या म्हणाल्या की लिहायला माझं काय जातंय? तुम्हीच बोललात, घराने ऐकलं. मग विचारलं की पोरांची मापं चौकटीवरच घेता ना तुम्ही? मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या की आधीची बाईही घ्यायची.

१९ ऑगस्ट

सुट्टी टाकली. सगळे बाहेर गेल्यावर पट्टीने चौकटीचा पांढरा रंग खरवडला.

खाली जुन्या रेघा आहेत. लाकडात पेन्सिल दाबून मारलेल्या. चार रांगा, प्रत्येक रेघेला तारीख.

पहिली, एक पोर. सरळ वाढत गेलेलं.

दुसरी, त्याच्याहून मोठं पोर. पाच महिने खाली खाली आलेलं. मग एकदम वर चढायला लागलेलं.

तिसरी, अगदी तळापासून. वर येणारी.

चौथीची पहिली रेघ माझ्या भुवईपाशी आहे. मोठ्या बाईची उंची. तिची तारीख आणि दुसरं पोर पुन्हा चढायला लागलं ती तारीख, एकच. तिथून ती खाली येत गेलीय. महिन्याने नाही, दर चार दिवसांनी. शेवटची रेघ जमिनीपासून बोटभर वर. तारखेचं अक्षर लहान पोराचं.

बाप आणि तीन पोरं. मोजलं मी. चार.

२६ ऑगस्ट

काठी एक्केचाळीस. मला उचलून घे म्हणते. उचलली. हलकी आहे, हाताला जाणवतही नाही.

नणंदेचा फोन आला होता. सगळ्यांची चौकशी केली. काठीची नाही केली.

१ सप्टेंबर

आज काठीला सांगितलं की तुझी हौस पुरवू, आईचं माप घे. टाच टेकवून उभी राहिले. तिने खुर्चीवर स्टूल ठेवलं, हा म्हणाला पडेल ती, तोच धरून उभा राहिला. वही डोक्यावर सपाट. रेघ. तारीख तिने लिहिली.

बासष्ट.

हा हसत होता. काय खूळ तुझं, म्हणाला. मोठ्या माणसांचं माप घेतात का.

५ सप्टेंबर

मी एकसष्ट. काठी बोटभर वर.

स्वयंपाकघरात ओट्याला टेकून हसत सुटले. कितीतरी वेळ. मग बसले खाली.

१८ सप्टेंबर

काठी चव्वेचाळीस. नाड्या स्वतः बांधते. भोपळ्याला आज धपाटा घातला तिने, बारकी म्हणाला म्हणून. ह्याने तिला शाळेत सोडताना नावाने हाक मारली. पूर्ण नावाने. जिन्यात उभी राहून ऐकलं मी.

ओट्यावरच्या फळीला आता हात पुरत नाही. पोट तेवढंच आहे. मी त्याच्याभोवती कमी होतेय.

७ ऑक्टोबर

कारखान्यात कटिंगचं टेबल छातीला लागतं. मास्तर जवळ आले, विचारलं की पोर कुणाचं, इथे कात्र्या आहेत, घरी पाठवा. मग ओळखलं. म्हणजे ओळखलं असावं. मान खाली घालून गेले.

उद्यापासून जाणार नाही. टेप बरोबर घेऊन आले.

१६ ऑक्टोबर

स्वतःचे कपडे कापून लहान करतेय. ह्या वेळी वाढ धरायची नाही.

बहिणीला फोन केला. कोण बोलतंय, विचारलं तिने. दोनदा सांगितलं. ती म्हणाली की रॉंग नंबर —

२४ ऑक्टोबर

जिन्यात हा औषधवाल्याशी बोलत होता. तीन पोरं होतील हो आता, पण सांभाळीन, एकट्याला सवय होते म्हणे. औषधवाला हळहळला. काठी मध्येच म्हणाली, बाबा, आई आहे ना वर.

तिला आठवतंय. अजून तिला —

३० ऑक्टोबर

डॉक्टरीणबाईंनी सहा तारीख दिलीय. कसं होणार ते विचारायला जाता येत नाही. जिन्याच्या पायऱ्या —

बाळ फार हलतं. त्याचा राग येत नाही. प्रयत्न करून बघितला.

पेन जड आहे.

४ नोव्हेंबर

तिच्या कोपराला लागते मी. खुर्ची लागत नाही आता तिला, वाकून माप घेते.

हा आत आला. पाळण्याला नवी दोरी बांधली. माझ्यावरून पलीकडे बघितलं. गेला.

काठी म्हणाली, आई, वही दे, आज मापाचा दिवस. दर चार दिवसांनी, मीच शिकवलंय, चुकवायचं नाही. हात पुढे केलाय तिने. केवढा मोठा हात.

देते. टाच टेकवलीय. पाठ ताठ. एवढं एकच लिहून देते, की काठी सव्वाएक्कावन्न, पुरती सव्वाएक्कावन्न, आणि मी —