होणाऱ्या जावयाचं बिनदुधाचं जेवण

भिवंडी, मंगळवार

तीर्थस्वरूप आक्का,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो, गुडघ्यांना धक्का न लावता. वज्रेश्वरीच्या कुंडाचं ऊन पाणी लागू पडतंय ना? आम्ही सगळे बरे आहोत, फक्त तुझ्या भावजयीला झोप नाही आणि मला तोंड नाही. फोन का केला नाही म्हणशील. तू फोन स्पीकरवर ठेवून भाकऱ्या थापतेस नि अख्खी आळी ऐकते. हे वाचलंस की चुलीत घाल.

आपल्या मृणालीने नवरा बघितला. मितेश नाव, आपल्यातलाच, उरणकडचा, नोकरीला बेंगळुरूला. करीन तर ह्याच्याशीच म्हणाली, आणि तुझी भाची कोणावर गेली आहे ते मी सांगायला नको. शनिवारी पोरगा एकटाच घर बघायला आला. हिने आल्याचा चहा पुढे केला, तर त्याने हात जोडले, नको म्हणाला. झालं! आपल्यात पाहुण्याने चहा नाकारला म्हणजे पोरगी नाकारली. ही आत जाऊन पदर तोंडाला लावून रडायला लागली. मृणाली ओरडते, "अगं आई, तो व्हीगन हाय, दूध पीत न्हाय!" ही आणखी मोठ्याने रडली, म्हणे पोरीने आजारी मुलगा शोधला.

व्हीगन म्हणजे मटण-मासळी नाही, दूध-दही-तूप नाही, मधसुद्धा नाही. त्यात ह्याला तेलकट नको आणि मैदाही नको. (मग राहिलं काय, मी विचारलं. बरंच राहतं काका, म्हणाला.) घरात रडारड, चूल थंड, म्हणून ते बरंच शोधायला मी त्याला गाडीत घालून बाहेर काढला. एवढी मोठी भिवंडी, एका माणसाचं जेवण मिळणार नाही होय?

पहिलं हॉटेल शुद्ध शाकाहारी. वेटरला सगळं समजावलं, तो म्हणाला, "समझ गया सेठ, जैन." कांदा-लसूण काढून टाकला आणि त्याची भरपाई म्हणून डाळीवर लोण्याचा गोळा सोडला. दुसरीकडे सॅलड मागवलं, ते दह्यात बुडून आलं. शेवटी कामतघरला लूमवाल्यांच्या खाणावळीत शिरलो. साधा डाळ-भात, पालेभाजी, पोराचा चेहरा खुलला. आणि मी गाढव, अभिमानाने बोलून गेलो की हे आमचे होणारे जावई. खानसामा धावत आला नि भातावर पळीभर तूप ओतलं. दामाद को सूखा कैसे खिलाऊँ, म्हणाला. मी ते ताट संपवलं. (तिन्ही ठिकाणची ताटं मीच संपवली. डॉक्टरला सांगू नकोस.) पोरगा दिवसभर दोन केळ्यांवर.

घरी आलो तर ही डोळे पुसून कामाला लागली होती. तांदळाची भाकरी आणि वांगं. दूध नाही, तूप नाही, तेल बोटभर. पोराने खाल्लं गं! हिने तीनदा वाढलं, तीनदा खाल्लं. माझा जीव भांड्यात पडला. तो निघून गेल्यावर मी वांग्याची तारीफ केली, तर ही म्हणते, मूठभर जवळा भाजून, चुरून घातला होता ना, चव येणारच. मी कपाळावर हात मारला. तर मलाच म्हणाली, जवळ्याला मासळी कधीपासून म्हणायला लागलात? तो मसाला!

आता येत्या रविवारी त्याचे आईबाप बोलणी करायला येणार, आणि त्याच्या आईला ते वांगं शिकायचंय. खरं सांगितलं तर लग्न मोडतं, खोटं बोललो तर रोज तोंड चुकवावं लागेल. तेव्हा जवळ्याशिवाय तीच चव कशी आणायची, ते तेवढं लगेच कळव.

तुझा धाकटा,
केसरीनाथ

ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात मला राहवलं नाही म्हणून मृणालीला सगळं सांगून टाकलं. ती हसत सुटली. उरणचा पोरगा आहे बाबा, म्हणाली, पहिल्याच घासाला ओळखलं त्याने. दोन वर्षं पाळलेलं त्याने मोडलं, कारण एका चहाने सासू एवढी रडली, तर ताट सारल्यावर काय होईल ह्याची त्याला भीती वाटली. (चव मात्र आवडली म्हणाला, तेही खोटं नाही.) आक्का, खरं सांगतो, मला भरून आलं. असा पोरगा दिवा घेऊन शोधला असता तरी मिळाला नसता.

दुसरा ता. क. त्याच भरात मी त्याला फोन करून शब्द देऊन बसलो की लग्नात, आणि हळदीलाही, मटण-मासळी नाही. होय, आपल्या हळदीला, जिथे मटणाशिवाय पंगत बसत नाही. आता हे भाऊबंदांना तू सांग. सगळ्यांत थोरली तू, तुझ्यापुढे कोणी तोंड उघडत नाही. फक्त कधी सांगणार ते आधी कळव, म्हणजे त्या दिवशी मी लूमसाठी सूत बघायला सुरतेला निघून जातो.